एकच मोजा ओला कसा गं?

गेल्या जुलैतली गोष्ट. मुलीला शाळेतून आणायला गेलो होतो. पहिलीत आहे. दप्तर पायाशी ठेवलं, तिला स्कूटरवर पुढे उभं केलं आणि रोजचा प्रश्न टाकला, "आज काय काय केलं शाळेत?"

"काही नाही."

"अगं, इतक्या तासांत काहीच नाही?"

"प्रार्थना, अभ्यास, डबा. मग सुटली."

घरी आलो. आजीने तिचे बूट काढता काढता विचारलं, "एकच मोजा ओला कसा गं?"

"तो पळू नये म्हणून मी डबक्यात पाय आडवा घातला."

"कोण पळू नये म्हणून?"

"खेकडा!"

पुढची वीस मिनिटं आमच्या घरात खेकडा होता. तो मैदानात कसा आला, केवढा होता (दोन्ही हात पसरून), शिपाईमामांनी त्याला बादलीत कसा धरला, बादली कोणी उचलली, ओढ्यावर कोण कोण गेलं. मी आपला दारात हेल्मेट धरून उभा. मला या मुलीने "काही नाही" सांगितलं होतं.

मुलं मुद्दाम लपवतात असं आपल्याला वाटतं. क्वचित लपवतातही. पण या वयात बहुतेकदा कारण वेगळं असतं, आणि ते स्मरणशक्तीच्या घडणीत आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅथरीन नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या आसपास दाखवून दिलं, की रोज घडणाऱ्या गोष्टींचा लहान मुलांच्या डोक्यात एक साचा तयार होतो: आधी हे, मग ते, मग घर. त्यांच्यासोबत काम केलेल्या रॉबिन फिवुश यांनी बालवाडीत नव्याने आलेल्या मुलांशी बोलून पाहिलं, तर शाळेच्या दुसऱ्याच दिवशी साचा तयार! "शाळेत काय केलं?" हा प्रश्न थेट या साच्यावर जाऊन आदळतो, आणि मूल साचाच वाचून दाखवतं. गेल्या मंगळवारी दुपारी जेवायला काय होतं असं कोणी विचारलं, तर तुम्हीआम्हीही "नेहमीचंच, पोळी-भाजी" असंच म्हणू. ओला मोजा हा मात्र त्या एकाच दिवसाचा धागा. आजीने नेमका तो ओढला.

पण धागा सापडणं ही निम्मीच गोष्ट. पुढे त्या वीस मिनिटांत जे होतं, ते मला जास्त चकित करतं.

नेल्सन यांच्याबरोबर काम करणाऱ्या मिंडा टेसलर यांनी तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांना त्यांच्या आयांबरोबर नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात नेलं. आठवड्याने मुलांना विचारलं, काय काय पाहिलं होतंस? मुलांना आठवल्या त्या फक्त आई आणि मूल दोघंही ज्यांच्याविषयी बोलले होते त्या वस्तू. आई एकटीच बोलली होती त्या गेल्या. मूल एकटंच बोट दाखवून बडबडलं आणि आईने "हं" करून सोडून दिलं, त्याही गेल्या. डोळ्यांनी सगळंच पाहिलं होतं, पण टिकलं ते दोघांच्या बोलण्यातून गेलेलं.

पुढे कॅथरिन हेडन आणि सहकाऱ्यांनी हेच घरात, खोट्या खोट्या सहलीवर करून पाहिलं. कधी तंबू ठोकायचा, कधी पक्षी बघायला जायचं, कधी आइस्क्रीमचं दुकान मांडायचं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातही तेच दिसलं: आई आणि मूल दोघांनी मिळून हाताळलेल्या आणि दोघांनी मिळून बोललेल्या गोष्टी मुलांना जास्त आठवल्या. पोवाडा एकटा शाहीर गात नाही, मागे "जी जी रं जी" म्हणणारे झीलकरी लागतात. आठवणीचंही तसंच काहीसं दिसतं.

मात्र दोघं बोलतात ते कसं, यानेही फरक पडतो. काही पालक उत्तर मिळेपर्यंत तोच प्रश्न विचारत राहतात: "प्राणिसंग्रहालयात काय पाहिलं? सांग ना, काय पाहिलं? अरे, काय पाहिलं होतं आपण?" ही तोंडी परीक्षा, आणि उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. दुसरे पालक दर प्रश्नात स्वतःची थोडी भर घालतात: "तो मोठा हत्ती आठवतो? सोंडेने काय करत होता? मग तू का हसलास?" मूल एवढंसं बोललं तरी त्याचं वाक्य उचलून पुढे नेतात.

न्यूझीलंडमध्ये इलेन रीस यांच्या गटाने शंभराहून अधिक आयांपैकी काहींना ही दुसरी पद्धत शिकवली. मुलं तेव्हा दीड ते अडीच वर्षांची होती. ती पंधरा वर्षांची झाल्यावर संशोधकांनी त्यांना पुन्हा गाठलं. शिकवलेल्या आयांची मुलं आपल्या आयुष्यातल्या वळणांविषयी सांगताना "हे घडलं, म्हणून मी असा झालो" ही सांगड जास्त घालत होती, आणि नैराश्याची लक्षणंही त्यांनी कमी नोंदवली. त्याच देशात माओरी या तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या प्रौढांची पहिली आठवण सरासरी पावणेतीन वर्षांच्या आसपासची निघाली. युरोपीय वंशाच्या लोकांची साडेतीनच्या आसपासची. माओरी घरांत मागच्या गोष्टींना फार मान असतो. मुलाच्या जन्माची कहाणीही आया तपशिलात रंगवून सांगतात.

आणि थांबणं. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. स्कूटर चालवताना, मागून हॉर्न वाजत असताना मोजून पाहा.

मी लगेच हुशारी केली. दुसऱ्या दिवशी विचारलं, "आज खेकडा आला का?" "नाही." संपलं. त्या दिवसाचा धागा त्या दिवशीच शोधावा लागतो, हे मला जरा उशिरा कळलं. हल्ली मी आधी बूट, बाही, डबा बघतो. परवा डब्यात भेंडी तशीच होती, पण कोणाचातरी अर्धा लाडू होता. त्या लाडवावर सिग्नलपासून घरापर्यंतचा रस्ता गेला.

या सगळ्याला एक दुसरी बाजूही आहे. दोघांनी मिळून विणलेल्या आठवणीत मोठ्या माणसाचे टाकेही मिसळतात. त्या दिवशी आजी बोलता बोलता सहज म्हणाली होती, "घाबरला असेल गं बिचारा, आई हरवली असेल त्याची." दिवाळीत मुलीने मावशीला फोनवर खेकड्याची गोष्ट सांगितली. बादली, ओढा, ओला मोजा, सगळं जागच्या जागी होतं. शेवटी आवाज बारीक करून म्हणाली, "आणि मावशी, तो आईला शोधत आमच्या शाळेत आला होता. मी पाहिलं ना."