रंध्याची लांबी कोठून आली

रत्नागिरी किंवा कुडाळच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात लोखंडी रंधा मागितला, तर दुकानदाराचा पहिला प्रश्न बहुधा ‘चार नंबर की पाच नंबर?’ असा असतो. नवशिक्या गिऱ्हाइकाला वाटते की नंबर वाढला म्हणजे माल अधिक चांगला. प्रत्यक्षात हा नंबर रंध्याच्या लांबीचा आहे आणि तो एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील एका कंपनीने लावला. त्या नंबरांमागची लांब आणि आखूड रंध्यांची विभागणी मात्र कंपनीहून बरीच जुनी आहे, आणि सांध्यासाठी कोणता रंधा घ्यावा याचे उत्तर नंबरांपेक्षा त्या जुन्या विभागणीत अधिक स्पष्ट सापडते.

प्राचीन इजिप्तच्या सुतारांकडे रंधा नव्हता. ते वाकसाने, म्हणजे आडव्या पात्याच्या तासणीने, लाकूड तासत आणि वालुकाश्माच्या दगडाने घासून गुळगुळीत करत. रंध्याचे सर्वांत जुने निश्चित पुरावे रोमन काळातील आहेत. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात रंधे सापडले, आणि पुढे जर्मनी व इंग्लंडमधील रोमन वस्त्यांतूनही ते मिळाले. लाकडी अंगाला खालून लोखंडी पट्टीचा तळ आणि पात्याला दाबून धरणारी पाचर, ही त्यांतील अनेकांची रचना पाहिली तर आजच्या सुताराला ते हत्यार ओळखायला क्षणभरही लागणार नाही. लांबी साधारण वीतभरापासून हातभरापर्यंत, म्हणजे त्या काळीही एका मापाच्या रंध्यावर काम भागत नव्हते.

आपल्याकडे ‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्र’ यावरून आलेला आहे, तर ‘रंधा’ हा फारसी ‘रंदा’चा मराठी अवतार आहे. इराणात आजही हाच शब्द सुताराच्या रंध्याला आणि स्वयंपाकघरातल्या किसणीला असा दोन्हीकडे चालतो. रंध्याच्या तोंडातून वर येणारा पापुद्रा आणि किसणीतून खाली पडणारा खोबऱ्याचा कीस डोळ्यांसमोर आणला, तर या नावाचे नवल वाटत नाही. अर्थात शब्द परका म्हणून हत्यारही परके, असे केवळ त्यावरून ठरवता येणार नाही.

कोकणात लाकूडकामाच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदल्या: एक गलबते, मचवे आणि होड्या बांधणाऱ्यांची, दुसरी घरे, देव्हारे आणि झोपाळे करणाऱ्यांची. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे मराठ्यांच्या आरमारासाठी गोदी होती, तिथपासून आजच्या खाडीकाठच्या होडीवाल्यापर्यंत पहिल्या परंपरेचे मुख्य हत्यार वाकस हेच राहिले. होडीच्या दोन फळ्यांमधली फट राळेत भिजवलेला कापूस ठोकून बुजवता येते आणि उरलेले काम पाणी करते, कारण लाकूड भिजून फुगते व फट आवळली जाते. घरातल्या दाराच्या फळ्यांना ही सवलत नाही. त्या सरसाने जोडायच्या, तर दोन कडा एकमेकींना सर्वत्र टेकल्याच पाहिजेत. सरस फट भरून काढत नाही. लांब रंध्याची खरी गरज येथे निर्माण होते.

ती गरज भूमितीची आहे. फळीच्या कडेला खोलगट भाग असेल, तर आखूड रंधा होडी लाटेत उतरावी तसा त्या खळग्यात उतरतो आणि तेथेही लाकूड काढत राहतो. लांब रंधा उंचवट्यांवर टेकून खळगा ओलांडतो, त्यामुळे त्याचे पाते आधी फक्त उंचवटेच छाटते, आणि पापुद्रा कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग निघू लागला की कड सरळ झाली असे समजावे. हिशेब साधा आहे: कडेला एकसारखी कमान राहिली, तर तिची खोली फळीची लांबी आणि रंध्याची लांबी यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढते. पाते तळातून 0.1 मिलिमीटर बाहेर असेल, तर 36 इंच फळीवर 9 इंची रंधा सुमारे 1.6 मिलिमीटरचा खळगासुद्धा आपल्या तळाला जाणवू न देता रंधत जाईल. 22 इंची रंध्याच्या बाबतीत हीच मर्यादा 0.3 मिलिमीटरच्या आत येते. मी स्वतः हा धडा जेवणाच्या टेबलाच्या फळ्या चार नंबरच्या रंध्याने जोडताना शिकलो. कडा हाताला रेशमासारख्या लागत होत्या आणि दोन्ही फळ्या एकमेकींवर उभ्या ठेवल्या तर मधून खिडकीचा उजेड दिसत होता. शिकंजे आवळून ती फट मिटवली, ती माघात पुन्हा उघडली.

युरोपातील सुतारांनी या भूमितीवरून रंध्यांचे कामाच्या क्रमाप्रमाणे एक कुटुंबच उभे केले. 1545 मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेतून वर काढलेल्या सुतारी सामानातही रंधे होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनचा मुद्रक जोसेफ मॉक्सन याने सुतारीच्या हत्यारांचे वर्णन छापले, तेव्हा हा क्रम रूढ झालेला होता: आधी किंचित गोलाई दिलेल्या पात्याच्या मध्यम रंध्याने जाड पापुद्रे काढून करवतीच्या खुणा घालवायच्या, मग सर्वांत लांब रंध्याने कड आणि पृष्ठ सरळ करायचे, आणि शेवटी आखूड रंध्याने सफाई करायची. सफाईचा रंधा मुद्दाम आखूड, कारण तोपर्यंत फळी सरळ झालेली असते आणि आता फक्त पृष्ठभागाच्या सूक्ष्म चढउतारांमागे जाऊन लाकडाच्या उलट्या नसेने (तंतूंच्या उलट्या दिशेने) उचकलेले ठिकाण गाठायचे असते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्य पात्यावर दुसरे लोखंडी पाते चढवण्याची पद्धत आली. ते पापुद्र्याला निघता निघताच मोडते, त्यामुळे लाकूड पुढे चिरत जात नाही. फणसासारख्या एकमेकांत गुंतलेल्या नसेच्या लाकडावर काम करणाऱ्याने या सुधारणेचे आभारच मानावेत.

लाकडी रंध्याचा एक दोष मात्र कोणालाच घालवता आला नाही. तळ झिजला किंवा वाकला, की तो पुन्हा रंधून सरळ करावा लागतो, आणि तोंड वरच्या बाजूला रुंद होत गेलेले असल्याने प्रत्येक वेळी खालचे तोंड थोडे मोठे होते. मग तळात शिसवीचा तुकडा बसवून ते पुन्हा लहान करायचे. दमट हवेत हे वारंवार घडते, आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात लांब लाकडी रंधा सरळ राहील ही अपेक्षाच धाडसाची आहे.

अमेरिकेत लिओनार्ड बेली याने 1850 आणि 1860 च्या दशकांत बिडाच्या रंध्याची रचना पक्की केली. पाते 45 अंशांत टेकलेले, पाचरीच्या जागी खटका, आणि पाते खालीवर करण्यासाठी मागे पितळी चाक. स्टॅन्ली कंपनीने 1869 मध्ये त्याचे हक्क विकत घेतले आणि 1 ते 8 अशी मालिका बाजारात आणली: 3 नंबर 8 इंच, 4 नंबर 9 इंच, 5 नंबर 14 इंच, 6 नंबर 18 इंच, 7 नंबर 22 इंच, 8 नंबर 24 इंच. साडेचार आणि साडेपाच नंबर म्हणजे त्याच जातीची किंचित मोठी व रुंद भावंडे. इंग्लंडमधील शेफील्डच्या ‘रेकॉर्ड’ने 1931 पासून हेच नंबर आधी शून्य लावून वापरले, आणि भारतात बनणारे बहुतेक लोखंडी रंधेही त्याच साच्यातले आहेत. गंमत अशी की आपल्या जुन्या मापांत 9 इंच म्हणजे एक वीत आणि 18 इंच म्हणजे एक हात. म्हणजे चार नंबर ‘वीतभर’ आणि सहा नंबर ‘हातभर’ म्हणून मागितला, तरी व्यवहार अडू नये.

सांध्यासाठी निवड करताना हा इतिहास थेट उपयोगी पडतो. फळीच्या निम्म्याहून फार आखूड नसलेला रंधा कडेसाठी घ्यावा, असा ढोबळ नियम आहे. चतुर्थीला गणपतीसाठी फणसाचा 18 इंची पाट दोन फळ्या जोडून करायचा असेल, तर पाच नंबर पुरतो. सात नंबर तेथे उगाच टोकांवरून झुकतो. सहा फुटी दाराच्या फळ्यांना निदान सात नंबर हवा, आणि साडेतीन किलोंच्या आसपासचे ते धूड दिवसभर ढकलण्याची तयारीही हवी. खोक्याच्या डोव्हटेलची, म्हणजे कोपऱ्यातल्या पारव्याच्या शेपटीसारख्या सांध्याची, बाहेर आलेली टोके छाटायला मात्र लांबी निरुपयोगी. आडव्या कापाचे लाकूड कापायला पाते निजलेले असावे लागते, म्हणून तेथे हातात मावणारा ब्लॉक रंधा घेतात. त्याच्या 12 अंशांत बसवलेल्या प्रकारात धारेची उतरती बाजू वर असते, त्यामुळे 25 अंशांची धार धरून लाकडाला मिळणारा कोन 37 अंश होतो. कुशीच्या, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणाऱ्या जिभेच्या, खांद्याला तर वरील आठांपैकी एकही रंधा चालत नाही, कारण त्यांचे पाते तळाच्या कडेपर्यंत पोहोचत नाही. तेथे पूर्ण रुंदीचे पाते असलेला, खाचेचा रंधा लागतो. एकच घेणे परवडणार असेल, तर माझे मत पाच नंबरला आहे. चार नंबर आधी घ्यावा असे सांगणारे बरेच आहेत, पण सफाईची वेळ येण्याआधी सांधा बसलेला असावा लागतो.

अलीकडे कोकणातल्या बहुतेक कामांवर विजेचा हातरंधा आला आहे. त्याच्या खोक्यावर 82 मिलिमीटर असे ठळक छापलेले असते, पण ती पात्याची रुंदी. त्याचा तळ सुमारे फूटभरच असतो. म्हणून आमच्या वाडीतले सुतार दाराच्या फळ्या मशीनने रंधतात, आणि कडा जोडायची वेळ आली की माळ्यावरचा खोबरेल पुसून ठेवलेला सात नंबर खाली उतरवतात.