युद्धदृश्य-ध्वनियोजना (चित्रपट)

युद्धदृश्य-ध्वनियोजना : ऐतिहासिक, पौराणिक वा महाकाव्यात्मक चित्रपटातील लढाईच्या प्रसंगासाठी केलेली पार्श्वसंगीत, ध्वनिपरिणाम, समूहघोष व शांतता यांची एकत्रित रचना. संगीतकार, ध्वनिरचनाकार, ध्वनिपरिणाम कलावंत व मिश्रणकार हे चौघे मिळून ती सिद्ध करतात. प्रस्तुत नोंदीत जागतिक चित्रपटातील मान्य उदाहरणे घेतली असली, तरी भर शिवकालीन व पौराणिक विषयांवरील चित्रपटांना लागणाऱ्या ध्वनियोजनेवर आहे. ढोल-ताशाच्या वादनासाठी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ख्यात असलेल्या नाशिक परिसराचा उल्लेख त्या अनुषंगाने येतो.

प्रारंभ : दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी १९१३ मध्ये आपले चित्रपटनिर्मितीचे बिऱ्हाड मुंबईहून नाशिकला हलविले. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी तेथेच स्थापन झाली. लंकादहन (१९१७), कालिया मर्दन (१९१९) या मूकपटांत झुंज व पराक्रमाचे प्रसंग आहेत. ते मूक असले, तरी निःशब्द वातावरणात दाखविले जात नसत. पडद्याजवळ बसलेले पेटी-तबल्याचे वादक प्रसंग पाहून ठेका बदलत. या साथीच्या लिखित संहिता आपल्याकडे तयार होत नसल्याने झुंजीला नेमके काय वाजे, हे प्रत्येक गावच्या वादकावर अवलंबून राहिले. नाटकातील लढाईच्या प्रवेशाचे द्रुत ठेके तसेच्या तसे पडद्यापुढे आले असावेत, हे मत स्वीकारण्याजोगे वाटते. कारण वादक बहुधा तेच होते. फाळक्यांच्या सेतुबंधन (१९३२) या मूकपटावर पुढे ध्वनी चढविण्यात आला.

बाबूराव पेंटर यांचा सिंहगड (१९२३) मूक, तर प्रभातचा त्याच विषयावरील सिंहगड (१९३३) बोलपट. या दहा वर्षांत कॅमेरा बराच मोकळा झाला होता, मात्र मायक्रोफोनने त्याला पुन्हा जखडले. आरंभीच्या बोलपटात संवाद, साथ व हाणामारी बहुधा एकाच वेळी एकाच ध्वनिपट्टीवर उतरे. त्यामुळे गर्दीच्या प्रसंगी एक तर वाद्ये थांबवावी लागत, नाहीतर लढणाऱ्यांना हळू लढावे लागे. स्वतंत्र पट्ट्या मागाहून एकत्र करण्याची पद्धत आपल्याकडे साधारणपणे १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली, असे मानता येते.

संगीत व आवाज यांची वाटणी : या विषयातील मूळ प्रश्न आवाज किती मोठा असावा हा नसून कोणी कोणासाठी जागा सोडावी हा आहे. त्याची तीन उत्तरे ठळकपणे पुढे आली.

पहिले उत्तर संगीताला अग्रस्थान देते. सर्गेई आयझेनस्टाइन यांच्या अलेक्झांडर नेव्हस्की (१९३८) मधील गोठलेल्या सरोवरावरील लढाईसाठी सर्गेई प्रोकोफिएव्ह यांनी संगीत रचले. त्यातील काही भाग आधी ध्वनिमुद्रित करून दृश्ये त्यावर बेतली गेली, तर काही भाग संकलित दृश्यांवर रचला गेला. शत्रूपक्षाच्या तुताऱ्या मायक्रोफोनच्या अगदी तोंडाशी वाजवून त्यांचा आवाज त्यांनी मुद्दाम फाटू दिला. दुबळा वाटणारा बासून मायक्रोफोनजवळ आणि दणकट ट्रोंबोन लांब ठेवून वाद्यांचे नैसर्गिक बलाबल उलटे करण्याचा प्रयोगही त्यांनीच केला. मायक्रोफोनचे अंतर हेसुद्धा वाद्यरचनेचे साधन आहे, ही जाण येथून पक्की झाली.

दुसरे उत्तर संगीत आणून योग्य क्षणी तोडण्याचे. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या हेन्री द फिफ्थ (१९४४) मध्ये फ्रेंच घोडदळाच्या दौडीबरोबर विल्यम वॉल्टन यांचे संगीत चढत जाते आणि बाण सुटताच थांबते. उरतो तो फक्त बाणांचा सपकारा. अकिरा कुरोसावा यांच्या रान (१९८५) मध्ये हाच डाव उलटा आहे. किल्ल्यावरील हल्ल्याचे सर्व नैसर्गिक आवाज काढून केवळ तोरू ताकेमित्सू यांचे संगीत ठेवले आहे. एका बंदुकीच्या बाराने ते तुटते आणि लढाईचा कोलाहल एकदम कानावर येतो. तिसरे उत्तर संगीत मुळीच न वापरण्याचे. सेव्हिंग प्रायव्हेट रायन (१९९८) मधील किनाऱ्यावरील उतरण हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण.

संगीतविरहित लढाई हा अलीकडचा शोध आहे, असे वारंवार लिहिले जाते. ते टिकत नाही. सेव्हन सामुराई (१९५४) मधील पावसातली अखेरची लढाई प्रामुख्याने पाऊस, चिखल, टापा व आरोळ्या यांवर उभी आहे. बेन-हर (१९५९) मधील रथांची शर्यतही संगीताविना आहे. ही रूढी बाराच्या व टापांच्या ध्वनिमुद्रणाची गुणवत्ता सुधारली तसतशी विस्तारली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक. जुन्या प्रकाशीय ध्वनिपट्टीवर सुमारे ८,००० हर्ट्झच्या वरचे फारसे ऐकू येत नसे. तलवारीची धार त्याच पट्ट्यात असते. धार ऐकू येत नसेल, तर तिची उणीव वाद्यवृंदाला भरून काढावी लागते.

मराठी शिवपटात बहुधा दुसऱ्या उत्तराकडे कल असावा; पोवाड्याने त्याला तयार साचा दिला आहे. शाहीर कडाक्याने चाल उचलतो, डफ-तुणतुणे थांबते, एक ओळ गद्यात येते आणि पुन्हा उसळी घेतली जाते. या थांब्याचा पडद्यावर अजूनही पुरेसा उपयोग झालेला नाही.

ढोल-ताशा : नाशिक ढोल या नावाने ओळखला जाणारा मोठा दुतोंडी ढोल कमरेला बांधून एका अंगाला टिपरूने व दुसऱ्या अंगाला हाताच्या थापीने वाजवितात. ताशा गळ्यात अडकवून दोन बारीक काड्यांनी वाजतो आणि पथकाचे नेतृत्व करतो. आजच्या युद्धदृश्यांत हा मेळ इतका रूढ झाला आहे, की तो मराठा फौजेचेच वाद्य होते असा समज आहे. लोकप्रिय लेखनात ढोलाची परंपरा थेट रणवाद्यांना जोडली जाते. तथापि बखरींत व पोवाड्यांत फौजेच्या संदर्भात प्रामुख्याने नगारा, नौबत, शिंग, कर्णा यांची नावे येतात. रचनाही हेच सुचविते. नगाऱ्याची जोडी घोडा, उंट वा हत्तीवर लादता येते, तर कमरेचा ढोल पायी चालणाऱ्याचा आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातील आदिवासी उत्सव आणि शहरातील मिरवणुका यांच्याशी त्याचे नाते अधिक निकटचे दिसते. याचा अर्थ चित्रपटात तो वर्ज्य ठरतो असा नाही. पार्श्वसंगीतात तो योग्यच आहे. पडद्यावर सैनिकाच्या कमरेला मात्र दाखवू नये.

ध्वनिमुद्रणाची पद्धत साधारण अशी : वीस-पंचवीस ढोल व सहा-आठ ताशांचे पथक अर्धवर्तुळात उभे करतात. समोर ३ ते ४ मीटर उंचीवर मायक्रोफोनची जोडी, एका ढोलाच्या थापीच्या अंगाला सुमारे १ मीटरवर एक, आणि ताशांपासून २ मीटरवर एक असे चार स्रोत पुरतात. पातळी शिखराला उणे ६ डेसिबेलच्या आत ठेवावी. बंदिस्त सभागृहात खालचे स्वर भिंतींवरून परतून टोल एकमेकांत मिसळतात, म्हणून मोकळे मैदान बरे. गंगापूर धरणाच्या बाजूची माळराने शहरी वर्दळीपासून दूर असल्याने सोयीची. पण तेथे वारा असतो. मायक्रोफोनला केसाळ वारारोधक नसेल, तर वाऱ्याची घरघर नेमकी ढोलाच्याच पट्ट्यात बसते व मागाहून वेगळी काढता येत नाही. पावसाळ्यात ढोलाच्या तोंडावरची चामड्याची पाने सैलावतात, स्वर उतरतो. दर दोन-तीन आवर्तनांनी दोऱ्या ताणाव्या लागतात. फायबरच्या पानांना हा त्रास नाही, पण त्यांचा टोल कोरडा व टोकदार येतो, घुमत नाही.

नेहमी घडणारी चूक लयीची आहे. पथक रंगात आले की लय चढते. मिरवणुकीत तोच आनंद असतो. चित्रपटात मात्र तिसऱ्या मिनिटाचा तुकडा पहिल्या मिनिटाला जोडता येत नाही. सर्वांना ठोक्याचा आवाज ऐकविणे शक्य नसते आणि ते निरुपयोगीही ठरते. एका मुख्य ताशावाल्याच्या एका कानात ठोका द्यावा, दुसरा कान मोकळा ठेवावा. बाकीचे त्याच्यामागे येतात. लय निवडताना सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम) हिशेब पाहावा. मिनिटाला १२० ठोके घेतल्यास एक ठोका बरोबर १२ चौकटींवर, ९६ घेतल्यास १५ वर आणि १४४ घेतल्यास १० वर पडतो. १०० घेतल्यास तो १४.४ चौकटींवर येतो व संकलकाला कापणी ठोक्यावर नेता येत नाही.

थापीचा दणका साधारण ६० ते १२० हर्ट्झमध्ये, तर ताशाचा कडकडाट १,००० ते ५,००० हर्ट्झमध्ये पसरतो. संवादाची स्पष्टता आणि पोलादाची खणखण दोन्ही ताशाच्याच आवारात राहतात. म्हणून सरदार बोलत असताना किंवा द्वंद्व जवळून दिसत असताना ताशा थांबवून ढोल चालू ठेवावा. ताशा केवळ बारीक करून भागत नाही. बारीक केलेला ताशा दूर गेल्यासारखा ऐकू येतो, आणि फौज मागे हटली असा चुकीचा अर्थ प्रेक्षकापर्यंत पोहोचतो.

तुतारी, शिंग : छिद्रे किंवा झडपा नसलेल्या पितळी नळीतून मूळ स्वराचे पटीतले स्वरच निघतात. त्यातला सातवा स्वर कोमल निषादाहून स्पष्टपणे उतरलेला असतो. वाद्यवृंदाने तो सुधारायला जाऊ नये, तुतारीची ओळख त्यातच आहे. फुंकीने नळी तापली की स्वर किंचित चढतो, म्हणून पहिली दोन-तीन फुंकणी सोडून द्यावीत. प्रत्येक तुतारीची लांबी वेगळी असल्याने आधी तिचा स्वर मोजून मग वाद्यवृंदाची पट्टी ठरवावी. उलटे केल्यास इलेक्ट्रॉनिक तुतारी वापरावी लागते आणि ती न निघणारे स्वरही वाजविते.

शस्त्रे, टापा, दारू : म्यानातून तलवार काढताना येणारा लांब ‘सर्रर्र’ हा पडद्याचा संकेत आहे. लाकूड-चामड्याच्या म्यानातून पाते जवळजवळ मुकेच निघते. संकेत पाळायचा तर तो मुख्य पात्राच्या एका हालचालीपुरता ठेवावा. पाते मुठीत घट्ट धरून मुद्रित केले तर ते घुमत नाही. दोऱ्याने टांगून आघात करावा लागतो. शिवकालीन चित्रपटात सर्रास आढळणारा दोष ढालीचा. गेंड्याच्या वा म्हशीच्या कातड्याच्या ढालीवर वार बसल्यास आवाज ‘धप्प’ असा बसका येतो, त्यात फुल्यांवर घसटल्याची किणकिण फार तर मिसळते. तेथे युरोपीय पोलादी ढालीचा तयार संग्रहातला खणखणाट लावला की काळ आणि प्रदेश दोन्ही बदलतात. जाड चामड्याची मोट किंवा जुने खोगीर वाळूच्या पोत्यावर ठेवून त्यावर आघात केल्यास जवळचा परिणाम मिळतो. इशाऱ्याच्या घंटेसाठी भांडी बाजारातले जाड पितळी घंगाळ उपयोगी पडते. ते कड्याला धरून टांगावे, जमिनीवर ठेवल्यास नाद मरतो. हाडे मोडल्याच्या आवाजाला बाजरीची वाळलेली ताटे आणि वार लागल्याच्या आवाजाला ओल्या कापडात गुंडाळलेला कोबी वापरतात.

घोड्याच्या चालीत आघातांची संख्या बदलते. साधी चाल चार ठोक्यांची, दुडकी दोन ठोक्यांची, मंद दौड तीन ठोक्यांची, तर भरधाव दौड पुन्हा चार जलद ठोक्यांची असून त्यानंतर चारही पाय हवेत असतानाचा थांबा येतो. भरधाव दृश्याला तीन ठोक्यांचे मुद्रण लावणे ही फार प्रचलित चूक आहे. नारळाच्या करवंट्या मातीच्या परातीत वापरताना आत कापड भरावे, अन्यथा त्या पोकळ वाजतात.

तोड्याच्या बंदुकीचा आवाज दोन टप्प्यांत येतो. आधी कानातल्या (नळीच्या बाजूच्या पेटवणीच्या खळग्यातल्या) दारूची फुसफुस, मग बार. हा लहानसा उशीर राखला तर शस्त्र ओळखू येते. तोफेबाबत अंतराचा प्रश्न निघतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. नाशिकजवळच्या रामसेज किल्ल्याला १६८२ पासून मोगलांचा दीर्घ वेढा पडला होता. असा प्रसंग दाखविताना एक किलोमीटरवरील तोफेचा धूर दिसल्यावर सुमारे तीन सेकंदांनी आवाज यायला हवा. बहुतेक दिग्दर्शक दोन्ही एकत्रच ठेवतात. काही ध्वनिरचनाकार पहिला बार उशिराने आणि नंतरचे जुळवून देतात. ही दुसरी पद्धत अधिक परिणामकारक ठरते, कारण अंतर एकदा कळल्यावर प्रेक्षक पुढचे स्वतः धरून चालतो.

समूहघोष : हजारोंचा घोष पंधरा-वीस जणांकडून थरांनी तयार होतो. प्रत्येक थराला जागा, अंतर व आवाजाची उंची बदलावी. एकाच मुद्रणाच्या प्रती काही सहस्रांश सेकंदांनी सरकवून लावल्यास आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. खऱ्या गर्दीचे मुद्रण हा दुसरा मार्ग. द टू टॉवर्स (२००२) साठी वेलिंग्टनच्या मैदानात क्रिकेट सामन्याला आलेल्या सुमारे २५,००० प्रेक्षकांकडून घोष करवून घेतला होता. गोदाघाटावरील पर्वणीची गर्दी या कामी निरुपयोगी ठरते, ती ध्वनिक्षेपकावरील घोषणांमुळे. ‘हर हर महादेव’ ही आरोळी संवादाच्या पट्टीत न ठेवता परिणामांच्या पट्टीत ठेवावी. चित्रपट दुसऱ्या भाषेत नेताना संवादपट्टी वगळली जाते आणि तिच्याबरोबर फौजेचा आवाजही जातो.

मिश्रण व प्रक्षेपण : चित्रपटगृहात पडद्यामागील प्रत्येक वाहिनी ८५ डेसिबेलला जुळवितात व वर २० डेसिबेल मोकळे ठेवतात. युद्धाचा दणका या मोकळ्या जागेतून येतो. सबंध प्रसंग वरच्या पातळीला नेल्यास सहाव्या-सातव्या मिनिटाला कान थकतो आणि अखेरचा वार आधीच्या वारांइतकाच भासतो. आवाज नियंत्रकावरची प्रमाणित खूण ७ असताना अनेक चित्रपटगृहे तक्रारींमुळे ५ च्या आसपास वाजवितात. तेथे आधी हरवते ती शांततेतली कुजबुज, त्यानंतर संवाद. ढोल शेवटपर्यंत टिकतो. जत्रेतल्या तंबूत कर्ण्याच्या आकाराचे जुने ध्वनिक्षेपक सुमारे १५० हर्ट्झच्या खाली फारसे काही देत नाहीत, म्हणून तेथे थापी नाहीशी होऊन टिपरूचा आघात तेवढा पोहोचतो. अशा ठिकाणांचा विचार असेल, तर टिपरूच्या अंगाला वेगळा मायक्रोफोन ठेवून ती पट्टी मिश्रणात स्वतंत्र राखावी.