ब्रांडबर्ग : पाणी, ग्रॅनाइट आणि ‘श्वेत स्त्री’चा वाद

नामिबियाच्या किनाऱ्यापासून ऐंशी-नव्वद किलोमीटर आत, सपाट माळावर ब्रांडबर्ग हा डोंगर एकटाच उभा आहे. त्याचं सर्वोच्च टोक २५७३ मीटरवर. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका दुभंगत असताना इथे एतेंदेका लाव्हा पसरला आणि त्याच सुमारास जमिनीखाली ग्रॅनाइट थिजला. (दख्खनचा बेसाल्ट याच्या निम्म्या वयाचा.) वरचे थर झिजून गेले, ग्रॅनाइट उघडा पडला. लाव्हाचे उरलेले पट्टे पश्चिम आणि दक्षिण कडेला अजून आहेत, आणि ते डोंगराच्या दिशेने आत कलले आहेत.

किनाऱ्यालगतच्या थंड बेंगुएला सागरी प्रवाहामुळे समुद्राकडून धुकं येतं, पाऊस जवळजवळ नाहीच. पायथ्याशी वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर. पण अखंड ग्रॅनाइटात पाणी मुरत नाही. खळग्यांत आणि भेगांत ते पावसानंतरही टिकून राहतं. माळावरचे पाणवठे आटले की शिकारी टोळ्यांना डोंगराचाच आधार. इथल्या खडकांवरची चित्रं का काढली आणि कुणी काढली, हे समजून घ्यायला इथूनच सुरुवात करायला हवी.

तशी ती झाली नाही. जानेवारी १९१८ मध्ये शिखरावरून उतरताना एका जर्मन भूमापकाला त्सिसाब घळीत सुमारे ४० सेंटिमीटर उंचीची एक चितारलेली आकृती दिसली. पुढे युरोपातल्या एका नामांकित अभ्यासकाने तिच्या पांढऱ्या पायांवरून ती भूमध्य समुद्राकडून आलेली ‘श्वेत स्त्री’ ठरवली. ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या भित्तिचित्रांशी साम्यही दाखवलं. इथल्या तेव्हाच्या गोऱ्या राजवटीला हे सोयीचं होतं, म्हणून ते इतकं टिकलं. वास्तविक आकृतीला स्तन नाहीत, हाती धनुष्यबाण आहेत, आणि शेजारी माणसाचे पाय असलेला ओरिक्स (लांब शिंगांचं एक हरण) आहे. अंगाला रंग फासलेला, विधीतला स्थानिक पुरुष, हाच अर्थ आज बहुतेक अभ्यासक मानतात. १९७७ ते १९८५ या काळात एका चित्रकाराने डोंगरभर चित्रांची नोंद केली, तेव्हा चाळीस हजारांहून अधिक आकृत्या मिळाल्या. त्यातल्या एकीलाच परदेशी ठरवायला काय आधार उरतो? पाट्यांवर नाव मात्र अजून ‘श्वेत स्त्री’च.

चित्राचं खरं नुकसान पाहणाऱ्यांनी केलं. रंग उठून दिसावेत म्हणून वर्षानुवर्षं त्यावर पाणी मारलं गेलं आणि रंग फिकट झाले. आता समोर कठडा आहे, वाटाड्याशिवाय जाता येत नाही. घळीतून एका बाजूला पाऊण ते एक तास चालावं लागतं. दगड नऊनंतर तापू लागतात, त्यामुळे सकाळी लवकर निघावं. पिण्याचं पाणी बरोबर न्यावं. घळीतल्या डबक्यांच्या भरवशावर राहू नये.