साच्यात मेण किती मावेल? उत्तर वजनकाट्यावर

दिवाळीच्या आधी साताऱ्यात घरोघरी आणि बचत गटांत मेणबत्त्या ओतायला घेतल्या जातात, तेव्हा साचा नवा असेल तर मेण किती वितळवायचे हा पहिला प्रश्न असतो. मेण कमी पडले तर मागाहून ओतलेल्या थराची रेघ मेणबत्तीवर कायम राहते. जास्त वितळवले तर रंग आणि सुगंध मिसळलेले उरलेले मेण पुन्हा तापवावे लागते आणि त्यात सुगंधाचा बराच भाग उडून जातो. हे नुकसान टाळण्यासाठी लागते ते फक्त पाणी आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा.

साच्याचे वातीचे भोक मळलेल्या चिकणमातीने बंद करावे, साचा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि मेणबत्ती जेवढ्या उंचीची हवी तेवढ्या उंचीपर्यंत पाणी भरावे. १ मिलिलिटर पाण्याचे वजन जवळजवळ १ ग्रॅम असल्यामुळे काट्यावर दिसणारे ग्रॅम म्हणजेच साच्याचे घनसेंटिमीटरमधील आकारमान. घट्ट पॅराफिन मेणाची घनता पाण्याच्या सुमारे ०.९ पट असते, म्हणून पाण्याच्या वजनाला ०.९ ने गुणले की मेणाचे वजन मिळते. त्यानंतर साचा पूर्ण कोरडा करणे अत्यावश्यक आहे, कारण आत राहिलेला थेंब गरम मेणाखाली वाफ होऊन मेण उडवू शकतो आणि मेणबत्तीच्या अंगावर खड्डेही पाडतो.

साचा सरळ नळकांड्यासारखा असेल तर शाळेतले सूत्रही चालते. आतला व्यास ६ सेंटिमीटर आणि उंची १० सेंटिमीटर असेल, तर आकारमान सुमारे २८३ घनसेंटिमीटर आणि मेण सुमारे २५५ ग्रॅम. मात्र या सूत्रात त्रिज्येचा वर्ग येतो, त्यामुळे व्यासातली छोटी चूकही मोठी होते. पत्र्याची जाडी धरून बाहेरून ६.३ सेंटिमीटर व्यास मोजला, तर उत्तर ३१२ घनसेंटिमीटर येते, म्हणजे दहा टक्क्यांनी जास्त. नक्षीदार किंवा वर निमुळत्या होत गेलेल्या साच्यासाठी तर सूत्रापेक्षा पाणीच अधिक भरवशाचे, असे माझे ठाम मत आहे.

खरा घोळ होतो तो यापुढे. २८३ घनसेंटिमीटरचा साचा वितळलेल्या मेणाने काठोकाठ भरला, तरी त्यात २५५ ग्रॅम मेण मावत नाही. पॅराफिन हे कार्बनच्या लांब साखळ्यांचे मिश्रण आहे. ते वितळते तेव्हा या साखळ्या अस्ताव्यस्त होऊन अधिक जागा व्यापतात, आणि सुमारे ८० अंश सेल्सिअसला मेणाची घनता ०.७७ च्या आसपास उतरते. त्यामुळे पहिल्या ओतण्यात साच्यात जेमतेम २१८ ग्रॅम मेण जाते. थंड होताना साखळ्या पुन्हा एकमेकींलगत रचल्या जातात आणि मेण आक्रसते. बर्फ होताना पाणी प्रसरण पावते, मेणाचे नेमके उलट होते. साच्याच्या भिंतीलगतचे मेण आधी घट्ट होते आणि मधले शेवटी, म्हणून सगळी तूट मधोमध, वातीभोवती खड्ड्याच्या रूपाने दिसते. वर पापुद्रा धरला की वातीजवळ सळईने दोनतीन भोके पाडून तिथे पुन्हा गरम मेण भरतात, ते राहिलेले ३७ ग्रॅम भरून काढण्यासाठीच. हे आक्रसणे अगदीच वाईट नाही, कारण त्यामुळेच मेणबत्ती भिंतीपासून सुटून साच्यातून सहज बाहेर येते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ०.९ ने गुणून आलेल्या वजनात ही दुसरी भर आधीच धरलेली असते. आक्रसण्यासाठी म्हणून त्यावर आणखी दहा-पंधरा टक्के वाढवणे म्हणजे तीच तूट दोनदा मोजणे होय. भांड्याला चिकटून राहणाऱ्या मेणासाठी थोडी वाढ ठेवावी, एवढेच. उलट, वितळलेले मेण मापाच्या भांड्याने एकदाच मोजून घेणाऱ्याला ते हमखास कमी पडते. तापमानाबरोबर मेणाचे आकारमान बदलते, वजन बदलत नाही. असे ४० साचे भरायचे असतील तर हा फरक जवळजवळ दीड किलोचा होतो.

सुगंधी तेल घालायचे असेल तर तेही याच वजनात बसवावे लागते. मेणाच्या ६ टक्के तेल घालायचे असेल, तर २५५ ला १.०६ ने भागावे: मेण सुमारे २४१ ग्रॅम आणि तेल १४ ग्रॅम.

सातारा जिल्ह्यात मधमाशीच्या मेणाचाही विचार करायला हवा. महाबळेश्वर परिसरात मधमाशीपालन जुने आहे, आणि तिथले मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. मधमाशीचे मेण पॅराफिनपेक्षा जड असते, घनता सुमारे ०.९६. त्यामुळे त्याच साच्याला २७० ग्रॅमहून थोडे अधिक मेण लागते.

हाती आलेले मेण कोणते किंवा कशाचे मिश्रण हे माहीत नसेल, तर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने मांडलेले तत्त्व वापरता येते. मेणाचा एक सलग, पोकळी नसलेला तुकडा तोलावा. मग पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि तो तुकडा बारीक सुईने पूर्ण बुडेल इतका दाबून धरावा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नये. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे घनसेंटिमीटर त्या तुकड्याचे आकारमान. तुकडा ४८ ग्रॅमचा असेल आणि काटा ५० दाखवत असेल, तर घनता ०.९६ आली. साच्यातल्या पाण्याच्या वजनाला मग ०.९ ऐवजी याच आकड्याने गुणावे.