बटू दीर्घिकांमधील सक्रिय कृष्णविवरांचा शोध

ताऱ्यांचे एकूण वस्तुमान सूर्याच्या सुमारे ३०० कोटी पटींहून कमी, म्हणजे साधारण मोठ्या मॅगेलन मेघाएवढे (आपल्या आकाशगंगेच्या शेजारची लहान दीर्घिका) किंवा त्याहून कमी, अशा दीर्घिकांना या संशोधनात बटू दीर्घिका म्हणतात. त्यांच्यात वायू गिळणारे मोठे कृष्णविवर आहे का, हे पडताळण्याच्या पद्धतींविषयी ही नोंद आहे.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवर सुमारे ४३ लाख सूर्यांएवढे आहे. अशी विवरे कोणत्या बीजापासून वाढली, हा जुना प्रश्न. पहिल्या ताऱ्यांच्या अवशेषांपासून वाढली असतील, तर बीज शंभरेक सूर्यांचे असणार. वायूचा प्रचंड ढग थेट कोसळून झाली असतील, तर दहा हजार ते लाखभर सूर्यांचे. मोठ्या दीर्घिका एकमेकींत मिसळत वाढल्याने त्यांच्यात या बीजाची खूण उरत नाही. बटू दीर्घिकांचा इतिहास त्या मानाने शांत असतो, म्हणून बीजाचा माग तिथे घेतात.

कृष्णविवर स्वतः दिसत नाही, दिसते ते त्याचे जेवण. आत घुसणारा वायू तबकडीच्या रूपात फिरतो, तापतो आणि प्रकाशतो. तेज एका मर्यादेपलीकडे गेले की प्रकाशाचा दाबच वायूला बाहेर ढकलतो. या एडिंग्टन मर्यादेनुसार एका सौर वस्तुमानामागे ही तेजस्विता जास्तीत जास्त ३३,००० सूर्यांएवढी भरते. पण बहुतेक विवरे अर्धपोटीच असतात. लाख सूर्यांचे विवर या मर्यादेच्या दहा हजाराव्या हिश्शाने खात असेल, तर ते पोटभर जेवणाऱ्या दहा सूर्यांच्या साध्या तारकीय (एका ताऱ्यापासून बनलेल्या) कृष्णविवराइतकेच तेजस्वी असते. मग दुरून दोहोंत फरक कसा करायचा? खरी अडचण तोतयांची आहे, अंधुकपणा त्यानंतरचा.

सर्वांत रुळलेली पद्धत वर्णपटाची, म्हणजे प्रकाश रंगांत विभागून त्यातल्या मूलद्रव्यांच्या रेषा पाहण्याची. बाल्डविन, फिलिप्स आणि टेर्लेविच यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या आलेखात ऑक्सिजन व नायट्रोजनच्या रेषा शेजारच्या हायड्रोजन रेषांशी ताडून पाहतात. रेषा शेजारच्या असल्याने मधल्या धुळीचा परिणाम फारसा होत नाही, ही यातली हुशारी. कृष्णविवराजवळचे प्रारण ताऱ्यांच्या प्रारणापेक्षा कठोर, म्हणजे जास्त ऊर्जेचे, असल्याने ही गुणोत्तरे वाढतात. मात्र बटू दीर्घिकांत जड मूलद्रव्येच कमी. नायट्रोजनची रेषा फिकी पडते आणि खरे कृष्णविवरही आलेखावर ताऱ्यांच्या घोळक्यात जाऊन बसते. विवराभोवती वेगाने फिरणाऱ्या वायूमुळे रुंदावलेली हायड्रोजनची रेषा हा दुसरा पुरावा, पण सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोटही तशीच रेषा दाखवतो. म्हणून काही वर्षांनी पुन्हा वर्णपट घेतात. सुपरनोव्हाची रेषा तोवर विरलेली असते. विवराने तापवलेल्या धुळीचे अवरक्त रंग ही तिसरी खूण, पण केवळ तिच्यावर विसंबू नये, कारण नवताऱ्यांनी तापवलेली धूळही तसेच रंग दाखवते.

एमी राइन्स, जेनी ग्रीन आणि मार्ला गेहा या खगोलशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये सुमारे २५,००० बटू दीर्घिकांचे वर्णपट चाळले, तेव्हा १५१ ठिकाणी कृष्णविवराच्या खुणा मिळाल्या. त्याआधी २०११ मध्ये राइन्स आणि सहकाऱ्यांना हेनिझ २-१० या दीर्घिकेत रेडिओ आणि क्ष-किरण स्रोत एकाच जागी सापडला होता. ही दीर्घिका सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षांवर असून तिथे तारेनिर्मिती जोरात चालू आहे. त्यामुळे हा स्रोत सुपरनोव्हाचा अवशेष असेल, अशी शंकाही मांडली गेली. २०२२ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांत त्या स्रोतापासून तारेनिर्मितीच्या भागापर्यंत गेलेला वायूचा धागा दिसला आणि कृष्णविवराची बाजू बळकट झाली.

श्यामशबल तारकासमूहातली एनजीसी ४३९५ ही या क्षेत्रातली जुनी ओळखीची दीर्घिका. तिला मधला फुगवटाच नाही, तरी १९८९ मध्ये फिलिपेन्को आणि सार्जंट यांना तिच्या केंद्रात सक्रियता आढळली. तिचे तेज काही तासांतच कमीजास्त होते, त्यावरून प्रकाशणारा भाग किती लहान आहे ते कळते. तबकडीतला बदल भोवतालच्या वायूपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ आणि त्या वायूचा वेग यांवरून वस्तुमान काढतात. २०१९ च्या मापनात हा वेळ सुमारे ८३ मिनिटे आला आणि वस्तुमान जेमतेम १०,००० सूर्यांचे. २००५ च्या मापनात मात्र तेच ३,६०,००० सूर्यांचे होते! इतक्या जवळच्या उदाहरणात पस्तीसेक पटींचा फरक पडतो, तेव्हा दूरच्या दीर्घिकांचे आकडे जपूनच वाचावेत. आरजीजी ११८ या बटू दीर्घिकेतील विवराचे ५०,००० सूर्यांचे वस्तुमानही (२०१५) रेषेच्या रुंदीवरून केलेला अंदाजच आहे.

२०२५ मध्ये डेसी या दीर्घिकांचे वर्णपट घेणाऱ्या सर्वेक्षणाने सुमारे १,१५,००० बटू दीर्घिकांतून २,५०० च्या आसपास उमेदवार दिले. हे प्रमाण साधारण दोन टक्के, म्हणजे २०१३ च्या मानाने बरेच जास्त. डेसीचे प्रकाशतंतू आकाशाचा लहान तुकडा टिपतात, त्यामुळे केंद्राच्या प्रकाशात ताऱ्यांची भेसळ कमी होते. या वाढीमागे तेही एक कारण आहे.

केंद्रातच पाहणे मात्र पुरेसे नाही. उथळ गुरुत्वामुळे बटू दीर्घिकेतले विवर बाजूला भटकलेले असू शकते. २०२० मध्ये व्हीएलए या रेडिओ दुर्बीणसमूहाने पाहिलेल्या १११ बटू दीर्घिकांपैकी १३ मध्ये जोरदार रेडिओ स्रोत मिळाले, त्यातले काही केंद्रापासून दूर होते. नंतर अधिक बारकाईने पाहिल्यावर, सर्वांत दूरचे काही स्रोत त्या दीर्घिकांचे नसून पार मागच्या, योगायोगाने त्याच दिशेला असलेल्या दीर्घिकांचे असावेत, असे दिसले.