रोमचे दोन पिझ्झे: थापलेला आणि लाटलेला

रोममध्ये 'इथला पिझ्झा खायचाय' असं म्हटलं तर पुढचा प्रश्न येतो, कुठला? अल तालिओ की तोंदा? दोन्ही रोमचेच, पण खायची वेळ वेगळी, पैसे मोजायची रीत वेगळी आणि पीठ तर अगदीच वेगळं.

आम्हाला हे ठाऊक नव्हतं. कलोसियम आणि फोरम पाहून दुपारी दीडला बाहेर पडलो. आईचे पाय भरून आले होते, मुलं भुकेने चिडचिडली होती, आणि आम्ही शोधत होतो तो गोल, पातळ, भट्टीतला पिझ्झा. तो करणाऱ्या कित्येक पिझ्झेरिया संध्याकाळी सातच्या सुमाराला उघडतात. वाटेत एका दुकानात काचेमागे मोठे आयताकृती पिझ्झे मांडलेले दिसले होते. सकाळचे उरलेले असतील, असं समजून आम्ही ते सोडून आलो. तोच अल तालिओ होता, आणि दुपारी तोच खायचा असतो.

'अल तालिओ' म्हणजे कापून दिलेला. याचं पीठ सैल असतं, पाणी भरपूर, आणि ते चांगलं एक-दोन दिवस आंबवतात. लोखंडी ट्रेमध्ये बोटांनी दाबत पसरतात, आपण तव्यावर थालीपीठ थापतो तसं. म्हणून तो जाड असूनही हलका लागतो: खालून कुरकुरीत, आत जाळीदार. पाटीवर भाव किलोचा किंवा 'एत्तो'चा, म्हणजे १०० ग्रॅमचा असतो. विक्रेता सुरी ट्रेवर धरून 'एवढा?' असं विचारतो. हाताने कमी-जास्त दाखवायचं. मग तो कात्रीने कापतो, वजन करतो, गरम करून कागदात देतो. सहा जणांनी सहा प्रकार थोडे थोडे घेता येतात, आणि नवी चव पाहायला नाखूष असलेल्या आजी-आजोबांसाठी यासारखी सोय नाही. उभ्यानेच खायचा. स्पॅनिश स्टेप्सवर बसून खाऊ, असं मनात आणू नका. २०१९पासून त्या पायऱ्यांवर बसायलाच बंदी आहे.

शाकाहारी मंडळींनी इथे डोळे उघडे ठेवायचे. बटाटा-रोझमेरीचा निर्धास्त घ्या. 'पेपेरोनी' वाचून दचकू नका, इटलीत ती ढबू मिरची. मांसाचं सलामी हवं किंवा टाळायचं असेल तर 'दियाव्होला' हे नाव लक्षात ठेवा. भोपळ्याच्या जातीच्या फुलांचा पिझ्झा दिसायला सात्त्विक, पण त्यात बहुतेकदा अँचोव्ही मासे असतात. आम्हाला ते पहिल्या घासाला कळलं. शेजारी ठेवलेला सुप्ली बटाटेवड्याचा भाऊ वाटतो. तो तळलेला भाताचा गोळा, आणि आत बऱ्याचदा खिमा. अगदी कडक पाळत असाल तर पार्मिजानो आणि पेकोरिनोही नको, कारण ती चीज वासराच्या नाहीतर कोकराच्या जठरातल्या रेनेटने घट्ट करतात.

तोंदा म्हणजे गोल. पिठात थोडं तेल असतं आणि ते लाटण्याने लाटतात, म्हणून कडेपर्यंत पातळ आणि कडक. नेपल्सचा पिझ्झा फुगऱ्या, मऊ कडेचा. रोमवाल्यांना तसला नको असतो, त्यांना दाताखाली आवाज हवा. हा टेबलावर बसून, काटा-सुरीने खातात, आणि माणशी एक मागवतात. आम्ही आधी तिघांत एक असा हिशोब केला होता. तो चुकीचा. आकार मोठा दिसला तरी पातळ असल्यामुळे एकट्याला सहज संपतो.

त्या रात्री पँथिऑनवरून चालत एका पिझ्झेरियात गेलो. आईने मारिनारा घेतला: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीज अजिबात नाही. तिने कड मोडली, उजेडात धरून जाडी पाहिली आणि आत भट्टीपाशी लाटणाऱ्या मुलाकडे बघत म्हणाली, "हात चांगला आहे याचा." मग आख्खा संपवला.