कार्पेटखालचं ओक: अमेरिकेतली लाकडी जमीन आधी आली कशी आणि झाकली का गेली

अमेरिकेत जुनं घर घ्यायचं, ताबा मिळाल्याबरोबर बेडरूमच्या कोपऱ्यातलं कार्पेट पक्कडीने धरून वर ओढायचं आणि खाली काय निघतं ते बघायचं, हा तिथल्या घरदुरुस्तीतला आता ठरलेला विधी झाला आहे. न्यू जर्सीत किंवा शिकागोच्या आसपास १९४०-५० च्या दशकांतली घरं घेणारी मराठी कुटुंबंही त्यात आलीच. बहुतेक वेळा खाली ओकच्या अरुंद पट्ट्या निघतात. मग हमखास प्रश्न येतो: इतकं चांगलं लाकूड झाकायची दुर्बुद्धी या लोकांना सुचली कशी? दुर्बुद्धीचा इथे फारसा संबंध नाही. ज्याने ते झाकलं त्याच्या लेखी ती घराची सुधारणाच होती. त्याला तसं वाटावं याची तजवीज यंत्रांनी, बँकांनी आणि जॉर्जिया राज्यातल्या एका गावाने करून ठेवली होती.

गोष्ट सुरू होते तीही गालिच्यापासूनच. १८८० च्या आधीच्या बहुतेक अमेरिकन घरांत जमीन म्हणजे पाइनच्या रुंद फळ्या, सरळ तुळयांवर ठोकलेल्या. त्या दाखवायच्या असतात असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. ऐपत असेल त्याने भिंतीपासून भिंतीपर्यंत लोकरी गालिचा अंथरायचा. मागावर त्याच्या २७ इंच रुंदीच्या पट्ट्या निघत, त्या एकमेकींना शिवून खोलीभर ताणायच्या आणि कडेने खिळ्यांनी ठोकायच्या. ऐपत नसेल त्याने फळ्या घासायच्या किंवा रंगवायच्या. वसंतात वर्षातून एकदा खिळे काढून गालिचा अंगणात न्यायचा आणि काठीने बडवायचा. उरलेलं वर्ष धूळ त्यातच.

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधून काढला आणि या धुळीकडे बघायची नजर बदलली. डॉक्टर आणि गृहव्यवस्थेवर लिहिणारी मंडळी ठोकलेल्या गालिच्याच्या मागे लागली. पुसता येईल अशी उघडी, गुळगुळीत जमीन आणि वर उचलून झटकता येतील असे सुटे गालिचे, हा नवा सल्ला झाला. लाकडी जमीन अमेरिकन घरात मानाने आली ती स्वच्छतेच्या नावावर. सौंदर्याची भाषा मागाहून आली.

सल्ला पाळायचा तर लाकूड परवडायला हवं, आणि त्याच सुमाराला ते परवडू लागलं. १८८५ च्या आसपास कारखान्यांत असं यंत्र आलं की फळीच्या एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला त्या खाचेत बसणारी जीभ एका दमात कापली जाई. पट्टी पट्टीत अडकते, खिळा जिभेतून तिरका मारायचा, म्हणजे पुढच्या पट्टीखाली तो दिसेनासा होतो. शतक संपता संपता पट्टीच्या आखूड टोकांनाही अशीच खाच-जीभ पडू लागली, त्यामुळे सांधा तुळईवरच यायला हवा ही अट गेली आणि आखूड तुकडेही कामी आले. भट्टीत लाकूड सुकवण्याचं तंत्र सुधारलं. ओक आणि मेपल ही कठीण लाकडं हाताने रंधत बसायची गोष्ट नव्हे. यंत्रामुळेच ती मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोचली. १८९७ मध्ये मेपलवाल्यांची संघटना झाली, १९०९ मध्ये ओकवाल्यांची. प्रती ठरल्या, मापं ठरली. पाऊण इंच जाड आणि सव्वादोन इंच रुंद ही पट्टी इतकी रुळली की आजही कार्पेटखालून निघते ती बहुधा तीच.

पण मधल्या काळात एक गमतीचा प्रकार होऊन गेला. पाइनची जुनी जमीन उखडायची नाही, पण वर ओक हवं, अशांसाठी पाव इंचाच्या जरा वर जाडीच्या ओकच्या पट्ट्या कापडावर चिकटवून त्याच्या गुंडाळ्या विकत. नावच होतं ‘वुड कार्पेट’, म्हणजे लाकडाचा गालिचा. गुंडाळी उलगडायची आणि वरून बारीक खिळे ठोकायचे. अशा जमिनीवर ओळीने खिळ्यांची डोकी दिसतात, आणि ती फार वेळा घासता येत नाही. काटकसर इथेच थांबत नव्हती. पुष्कळ घरांत खोलीच्या कडेने उत्तम ओकची चौकट आणि मधे, गालिच्याखाली जाणाऱ्या भागात, साधं पाइन. पाहुण्यांच्या खोलीत ओक, वरच्या झोपायच्या खोल्यांत पाइन. आज कार्पेट काढून एका खोलीत राजवाडा आणि शेजारच्या खोलीत गोठा निघाला म्हणून खट्टू होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तेव्हाही बजेट होतंच.

अर्थात पाइन म्हणजे कमी प्रतीचं असंही सरसकट म्हणता येत नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत लांब सुयांच्या पाइनची अरण्यं एकेकाळी सुमारे ९ कोटी एकरांवर पसरलेली होती. शेकडो वर्षं संथ वाढलेल्या त्या झाडांच्या गाभ्याचं लाकूड राळेने भरलेलं, तांबूस आणि कठीण असे. १८७० नंतरच्या पन्नासएक वर्षांत ती अरण्यं आरीखाली गेली. आज मूळच्या विस्ताराच्या काही टक्केच उरली आहेत. चेस्टनटचं त्याहून वाईट झालं. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर एक परकी बुरशी आढळली आणि अर्ध्या शतकात अब्जावधी झाडं गेली. म्हणून एखाद्या घरात खाली या दोहोंपैकी कुठलं जुनं लाकूड निघालं, तर त्याची बरोबरी करणारी नवी फळी दुकानात मिळत नाही. पाडलेल्या गिरण्या नि गोदामांतून काढलेलं लाकूडच शोधावं लागतं.

लाकडावर लावायचं काय, याचं उत्तर मात्र आपल्या बाजूला होतं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेतल्या असंख्य जमिनींवर चपड्याचं पॉलिश होतं, आणि चपडा म्हणजे आपली लाख. कुसुम, पळस, बोर या झाडांच्या फांद्यांवर लाखेचा किडा जे राळेसारखं कवच करतो ते खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पापुद्रे काढायचे आणि स्पिरिटमध्ये विरघळवायचे. छोटा नागपूर हा तिचा मुख्य मुलूख. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूलाही पळसावर लाख धरतात. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या याच लाखेपासून बनत. युद्धात पूर्वेकडची जहाजवाहतूक अडली, लाखेची टंचाई झाली आणि १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी लागणाऱ्या लाखेवर कडक मर्यादा घातली. कार्पेटखालच्या जमिनीवर चपडा आहे का, हे आजही एका मिनिटात कळतं. कपाटामागच्या आडोशाला स्पिरिटचा बोळा क्षणभर टेकवावा. थर मऊ होऊन चिकट झाला तर चपडा. पाण्याच्या थेंबाने पांढरट डाग पडला तर वर मेण आहे. आपल्याकडचा फ्रेंच पॉलिश करणारा कारागीर हे न विचारता सांगेल.

लाखेचा आणि मेणाचा हा थर सुंदर, पण त्याची उस्तवार नकोशी. पाणी सांडलं की डाग. दर काही महिन्यांनी गुडघ्यावर बसून मेण लावायचं आणि घासायचं. ही मेहनत बहुतेक घरांत बायकांच्याच वाट्याला येई. चमकत्या ओकच्या आठवणींनी हळवं होताना ती घासत कोण होतं, हे सोयीने विसरलं जातं. कार्पेट आलं तेव्हा त्याचं स्वागत का झालं, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

युद्ध संपलं. परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने स्वस्त गृहकर्जं मिळाली आणि लाखोंनी घरं उभी राहू लागली. या घरांत ओकची पट्टी ही श्रीमंती राहिली नव्हती. ठेकेदार ती प्लॅस्टरइतक्याच सहजपणे टाकत होते, आणि १९५० च्या दशकाच्या मध्याला ओकच्या पट्ट्यांचं उत्पादन शिखरावर होतं. (सगळीकडे मात्र नाही. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ पासून जी घरं सरसकट बांधली गेली ती काँक्रीटच्या पायावर, आत गरम पाण्याच्या नळ्या आणि वर डांबरी टाइल. तिथे कार्पेट उचलून ओक शोधणाऱ्याच्या हाती काही लागायचं नाही.)

आता ते जॉर्जियातलं गाव. डाल्टनजवळ राहणाऱ्या कॅथरीन एव्हान्स या मुलीने १८९५ मध्ये एका जुन्या पलंगपोसावरून नमुना घेऊन नवा पलंगपोस केला. जाड सूत कापडात ओवून, टोकं कापून त्याचे गोंडे फुलवायचे, अशी ती रीत. १९०० मध्ये तिने एक पलंगपोस अडीच डॉलरला विकला. मागणी वाढली, गावोगावच्या बायका हे काम घरी करू लागल्या, रस्त्याकडेला दोऱ्यांवर पलंगपोस वाळत घातलेले दिसू लागले. मग शिलाई यंत्रात फेरफार करून हे गोंडे यंत्राने घालणं जमलं. पुढे एका यंत्रात शेकडो सुया बसल्या आणि पलंगपोसाच्या जागी बारा फूट रुंद कार्पेट बाहेर पडू लागलं. मागावर विणायच्या लोकरी गालिच्याच्या तुलनेत हे काम कैक पटींनी वेगवान. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यासाठी खास नायलॉनचं सूत आलं आणि किंमत आणखी उतरली. त्या काळातलं कार्पेट उलटं करून पाहिलं तर पाठीला तपकिरी गोणपाटासारखं कापड दिसतं. ते तागाचं, म्हणजे मूळ माल बंगालच्या बाजूचा. वर डाल्टनचं नायलॉन, पाठीला बंगालचा ताग, खाली ओकवर छोटा नागपूरची लाख!

तरीही मालक स्वतःच्या खिशातून कार्पेट घेत होता तोवर ओक खाली टिकून होतं, कारण घर बांधताना ते टाकलेलंच असे. गाडी खरी वळली ती कर्जाच्या नियमाने. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी गृहकर्ज विमा खात्याच्या लेखी पक्की जमीन हा घराचा भाग आणि कार्पेट म्हणजे पडद्यांसारखं सामान. १९६० च्या दशकाच्या मध्यात हे बदललं. कार्पेटची किंमत घराच्या किमतीत धरून तीस वर्षांच्या कर्जात घालायला मुभा मिळाली. मग ठेकेदाराने ओक कशाला टाकावं? प्लायवूड टाकायचं, वर कार्पेट, खर्च कमी, काम दोन दिवसांत. ओकचा धंदा असा बसला की १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो तळाला गेला होता.

म्हणून घराचं साल आधी बघावं. १९२० ते १९६० मधलं घर असेल तर कार्पेटखाली ओक निघण्याची आशा पुष्कळ. १९७० नंतरचं असेल तर बहुधा प्लायवूड, आणि मग कोपरा उचकटण्यापूर्वी दोनदा विचार केलेला बरा. एकोणिसाव्या शतकातलं असेल तर ओकखाली पाइन, पाइनखाली आणखी काही, असे थर सापडू शकतात. लिनोलियमखाली तर अनेकदा अंथरलेली वर्तमानपत्रं निघतात, त्यांच्या तारखेवरून तो थर कधीचा ते कळतं.

मन पालटलं ते शहरांतल्या जुन्या वस्त्यांत. १९६०-७० च्या दशकांत ब्रुकलिनच्या पार्क स्लोपसारख्या भागांत शिकलेली तरुण जोडपी पडीक पण मोठी घरं स्वस्तात घेऊन स्वतः दुरुस्त करू लागली, आणि मूळचं लाकूड उघडं करणं ही तिथली हौस झाली. त्यांच्या हाताशी आता पॉलियुरेथेन, म्हणजे प्लॅस्टिकसारखा पक्का थर देणारं वॉर्निश, होतं: मेण नको, गुडघ्यावर बसणं नको, पाणी सांडलं तर पुसून टाका. ज्या कष्टापायी जमीन झाकली गेली होती तेच कष्ट संपले. पुढे घर विकताना ‘मूळची लाकडी जमीन’ हे शब्द जाहिरातीत भाव वाढवू लागले.

उघडलेल्या जमिनीवर हा सगळा इतिहास डागांनी लिहिलेला असतो. भिंतीलगत ओळीने पडलेली भोकं कार्पेट ताणून धरणाऱ्या खिळ्यांच्या पट्टीची. लोखंडी स्टेपलभोवतीची काळी वर्तुळं गंजाची. ओकमधलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की शाईसारखा काळा रंग तयार होतो. खोलीच्या एका कोपऱ्यात मोठा काळा पट्टा असेल तर तो आधीच्या कुत्र्या-मांजराचा, आणि घासून तो सहसा जात नाही, तेवढ्या पट्ट्या बदलाव्या लागतात. रंगाचे जुने थर असतील तर शिशाची तपासणी हवी, कारण घरातल्या रंगात शिसं वापरायला तिथे १९७८ पर्यंत बंदी नव्हती. आणि कार्पेटखाली ९ इंची चौरस टाइल व तिच्याखाली काळं डांबरी चिकट दिसलं, तर हात तिथेच थांबवावा. दोन्हींत ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि घासलं की ते हवेत मिसळतं. नमुना प्रयोगशाळेत गेल्याशिवाय सँडिंगचं यंत्र त्या खोलीत आणू नये.

यंत्र आणण्याआधी आणखी एक बघायचं. हीटिंगच्या हवेसाठी जमिनीत बसवलेली जाळी उचलली की पट्टीचा छेद उघडा दिसतो. जिभेच्या वर लाकूड किती उरलंय ते तिथे फूटपट्टीने मोजता येतं. नव्या पाऊण इंची ओकमध्ये ते साधारण पाव इंच असतं. आधीच्या मालकांनी दोन-तीनदा घासलेलं असेल तर खूप कमी. अष्टमांश इंचाच्या खाली असेल तर यंत्र लावू नये, हलक्या हाताने पॉलिश पेपर फिरवून वर नवा थर द्यावा.